नाताळच्या टेबलावरची ताजी फुले जेवणाआधीच माना का टाकतात?

तक्रार दरवर्षी तीच. २४ डिसेंबरला संध्याकाळी फुले आणली, चर्चमधल्या रात्रीच्या मिस्सेला (प्रार्थनेला) निघण्याआधी घाईघाईने टेबल सजवले, फोटो काढून नातेवाइकांना पाठवलेही. २५ ला दुपारी पाहुणे जेवायला बसले तेव्हा गुलाबांनी माना टाकलेल्या, जरबेरे आडवे झालेले आणि मधे खोचलेल्या सुरूच्या काड्या टेबलक्लॉथवर गळलेल्या. फुलवाल्याने शिळा माल गळ्यात मारला असे घरात ठरते आणि पुढच्या वर्षी प्लास्टिकची फुले आणायची भाषा सुरू होते.

शिळा माल कधीकधी मिळतो, नाही असे नाही. पण वसईत चर्चच्या वेदीसाठी फुले लावणाऱ्या बायकांमध्ये मी बरीच वर्षे आहे, आणि असा प्रश्न घेऊन कुणी आले की मी आधी एकच विचारते: बाजारातून आणल्यापासून टेबलावर मांडेपर्यंत फुले पाण्याच्या बादलीत किती वेळ होती? बहुतेक वेळा समोरून येते, “बादलीत कशाला? सरळ लावलीच की!”

तिथेच सगळे बिघडते. मांडणी कितीही साधी असली तरी चालते, स्टीलच्या डब्यातली चार फुलेही छान दिसतात. फूल मात्र पाणी पिऊन तृप्त झालेले पाहिजे. पुढे लक्षणांप्रमाणे कारणे आणि उपाय दिलेत, पण बादलीचा भाग कुणी गाळू नका. बाकीचे उपाय त्यानंतरच कामाला येतात.

आधी बादली

तळेगाव-मावळकडच्या पॉलीहाऊसमध्ये कापलेला गुलाब पुठ्ठ्यात गुंडाळून कोरडाच प्रवास करतो. शीतगृह, टेम्पो, मग दादरची मीनाताई ठाकरे फूल मंडई, तिथून लोकलने आपल्या घरी. या प्रवासात देठाचे कापलेले टोक सुकते आणि आतल्या बारीक नळ्यांमध्ये हवा शिरते. शहाळ्याच्या स्ट्रॉला मधेच भोक पडले तर कितीही ओढले तरी पाणी वर येत नाही, तसेच इथे होते. देठ पाण्यात बुडालेला दिसतो आणि फूल वर तहानेने वाळत असते.

म्हणून घरी आल्याबरोबर देठाचे टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापायचे. कात्रीने नको. स्वयंपाकघरातली कात्री देठ चेपते आणि नळ्या बंद करते. धारदार सुरी घ्या. विळी असेल तर उत्तमच, विळीवर देठ एका झटक्यात स्वच्छ कापला जातो. कापल्यावर लगेच बादलीत. फोन आला म्हणून दहा मिनिटे ओट्यावर ठेवले तर पुन्हा कापा. पसरट पातेल्यात पाणी घेऊन देठ पाण्याखालीच सुरीने कापले तर आणखी चांगले, विशेषतः गुलाबांसाठी.

बादलीत पाणी कोमट हवे, हाताला सुखद लागेल इतपत. कोमट पाणी देठात थंड पाण्यापेक्षा लवकर चढते. पाण्याखाली येणारी सगळी पाने काढून टाका, नाहीतर ती कुजतात आणि पाण्यात जिवाणू वाढतात. हेच जिवाणू देठाची तोंडे बुजवतात. काटे काढताना साल सोलू नका. बादली मोरीत किंवा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि किमान पाच-सहा तास तिकडे फिरकू नका. रात्रभर ठेवलीत तर फारच छान.

आता वेळेचे गणित बघा. २४ च्या संध्याकाळी फुले आणून त्याच रात्री सजवायची म्हटले तर हे पाच-सहा तास मिळतच नाहीत. एक तर २३ ला आणा, नाहीतर २४ ला पहाटे. डिसेंबरात लग्नसराई असते, शिवाय मार्गशीर्षातले गुरुवारही असतात, त्यामुळे शेवंतीपासून सगळ्याचेच भाव चढलेले असतात. नेमक्या २४ च्या संध्याकाळी मंडईत उरते ते सकाळच्या गिऱ्हाइकांनी चाळून टाकलेले.

खरेदी करताना गुलाबाची कळी बुडाशी चिमटीत हलकेच दाबून बघा. घट्ट लागली तर ताजी, मऊ लागली तर जुडी परत द्या. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, डागाळलेल्या असतील तर घाबरू नका. प्रवासात कळीला जपण्यासाठी त्या मुद्दाम ठेवतात, घरी आल्यावर काढून टाकायच्या. शेवंतीचे मधले बटण हिरवट आणि घट्ट हवे आणि पाने पिवळी नकोत. जरबेऱ्याचे फक्त मधले वर्तुळ बघा. पुंकेसरांची बाहेरची एक-दोन कडीच उमललेली असतील तर घ्या. मध्यापर्यंत सगळे उमलून परागकण सांडत असतील तर त्याचे दिवस भरलेत.

पाण्यात काय घालायचे?

एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव लहान चमचा कपड्यांचे साधे, बिनसुवासाचे ब्लीच. आंबट पाणी देठात लवकर चढते, ब्लीच जिवाणूंना आवरते आणि साखर फुलाचे अन्न होते. यातले ब्लीच वगळून नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच मेजवानी होते, आणि बहुतेक घरांत घालतात ती नुसती साखरच. “साखर घातली तरी फुले टिकली नाहीत” यामागचे कारण हेच. लिंबू मिसळलेले हे पाणी पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात थेट ओतू नका. आत काचेचा पेला बसवा.

हे पाणी बादलीसाठी आहे. टेबलावरच्या मांडणीत मी साधे पाणी आणि ब्लीचचे एक-दोन थेंब एवढेच घालते. एका जेवणासाठी फुलाला साखर लागत नाही आणि केकच्या शेजारी साखरपाणी ठेवणे म्हणजे मुंग्यांना घर दाखवणे. ॲस्पिरिनची गोळी, पाण्यात नाणे टाकणे हे उपाय लोक हमखास सुचवतात. नाण्यामागची कल्पना तांब्याची आहे, आणि आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे.

पाणी कोणते, यावरही बरेच अवलंबून आहे. टँकरचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी देठात नीट चढत नाही. इमारतीला पाणी मृदू करणारे यंत्र बसवले असेल तर त्या पाण्यातले सोडियम गुलाब आणि कार्नेशनला त्रास देते. आरओचे प्यायचे पाणी एकदम योग्य. पण आरओमधून वाया जाणारे पाणी ‘फुकट कशाला घालवा’ म्हणून फुलांना वापरू नका, क्षार त्यातच एकवटलेले असतात.

लक्षण: सगळीच फुले एकाच वेळी मलूल

बादली नीट झाली असेल आणि तरीही असे झाले असेल तर वर बघा. पंखा चालू आहे.

नाताळच्या टेबलाची आपल्या डोळ्यांसमोरची चित्रे थंड देशांतली असतात, जिथे बाहेर बर्फ असतो आणि पंखा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. आपल्याकडे मुंबई-वसई-गोव्यात डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि जेवणाचे टेबल बहुतेक घरांत बरोबर पंख्याखाली. वाऱ्याने पाकळ्या आणि पानांतून पाणी झपाट्याने उडते. देठ तितके पाणी वर पोचवू शकत नाही. पुण्या-नाशकात थंडी असते, पण हवा कोरडी, म्हणजे नुकसान तेवढेच. एसीचा झोत थेट पडत असेल तर तोही पंख्याइतकाच वाईट.

पाहुण्यांना घाम पुसायला लावून पंखा बंद ठेवा असे मी म्हणणार नाही. सजावट टेबलावर करू नका, ट्रेवर करा. मोठी थाळी, परात, लाकडी पाट, काहीही चालेल. त्यावर २४ ला रात्री सगळी मांडणी करायची आणि ट्रे उचलून मोरीत नाहीतर सावलीतल्या गार जागी जमिनीवर ठेवायचा. जेवणाची पाने घेण्याआधी अर्धा तास टेबलावर आणायचा. रात्रभराचा आणि सकाळभराचा वारा यात वाचतो. या एका बदलाने बऱ्याच घरांतली तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

रात्री ट्रेवर ओले फडके किंवा प्लास्टिकची पिशवी झाकू नका. पाकळ्यांवर पाणी शिंपडून वर पिशवी घातली तर आत कोंदट होऊन बुरशी धरते. सकाळी गुलाबाच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके दिसतात ते तिचेच. झाकायचेच असेल तर कोरडा वर्तमानपत्राचा कागद सैल ठेवा.

लक्षण: गुलाबाचे फूल ताजे, पण मान मोडलेली

पाकळ्या टवटवीत आणि फुलाखालचा देठ मात्र वाकलेला, तर आत हवेचा बुडबुडा अडकलेला आहे. हे फूल वाचते. देठ पाण्याखाली कापा आणि आख्खा गुलाब, पानांसकट, टबात किंवा मोठ्या परातीत कोमट पाण्यात आडवा बुडवून ठेवा. तासाभरात मान सरळ होऊ लागते. मग तीन-चार गुलाब वर्तमानपत्रात मानेपर्यंत ताठ गुंडाळून उंच भांड्यातल्या पाण्यात उभे करा, म्हणजे मान सरळच राहते. दोन तासांतही काही फरक पडला नाही तर ते फूल सोडा आणि पाकळ्या टेबलावर पसरायला वापरा.

लक्षण: जरबेरा आडवा

जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि केसाळ. खोल पाण्यात तो बाहेरून कुजतो आणि पाण्यातल्या घाणीने लवकर बुजतो. त्याला पाणी उथळ लागते, पाच-सात सेंटिमीटर पुरे, पण स्वच्छ लागते. ब्लीचचा थेंब इथे फारच उपयोगी. बाजारात दहाच्या जुडीत प्रत्येक फुलावर प्लास्टिकची छोटी टोपी असते, ती बादलीत असेपर्यंत काढू नका. तिच्या आधारानेच फूल सरळ राहते.

टेबलासाठी मात्र मी जरबेरा नेहमी बोटभर लांबीचा कापते. आखूड देठाला वाकायला जागाच नसते आणि पाणीही लगेच वर पोचते. आखूड कापण्याचा नियम तसा सगळ्याच फुलांना लागू आहे. टेबलावर कोपर टेकवून मूठ वर करा, मुठीच्या वर एकही फूल जाता कामा नये. समोरच्या माणसाशी बोलताना मधे कार्नेशनची भिंत नको, आणि आखूड फूल टिकतेही जास्त.

लक्षण: कार्नेशन मिटून गेले, पाकळ्या आत वळल्या

हे बाकीच्यांहून वेगळे प्रकरण आहे आणि याला उपाय नाही, फक्त टाळता येते. माझ्या जावेने एका नाताळला मासिकात बघून फार सुंदर मांडणी केली होती. पसरट वाडग्यात लाल सफरचंदे, मधे मधे पांढरी कार्नेशन, कडेला पिकलेल्या केळ्यांचा एक छोटा घड, ‘आपल्या वाडीतला’ म्हणून. रात्री कार्नेशन अगदी झालरीसारखी फुललेली होती. सकाळी प्रत्येक फूल झोपी गेल्यासारखे मिटलेले. पाणी भरपूर होते आणि फुले आदल्या दिवशीचीच होती.

कारण फळे. पिकणारे सफरचंद, केळे, चिकू इथिलीन नावाचा वायू सोडतात. याच वायूने अढीतली इतर फळे पिकतात, आणि फुलांना तो म्हातारे करतो. कार्नेशन त्याला सर्वांत हळवे, ऑर्किडही तितकेच. आणखी एक नेहमीची जागा म्हणजे फ्रिज. फुले ताजी राहावीत म्हणून लोक त्यांना फ्रिजमध्ये फळांच्या खणाशेजारी ठेवतात आणि बंद पेटीत हा वायू साठत राहतो. फ्रिजमध्ये ठेवायचीच असतील तर फळे बाहेर काढा. अँथुरियम, ऑर्किड, हेलिकोनिया ही उष्ण प्रदेशातली फुले तर फ्रिजमध्ये ठेवूच नका, गारठ्याने ती काळी पडतात.

फळे हवीतच म्हणणाऱ्यांसाठी लिंबूवर्गीय फळे आहेत, त्यांतून इथिलीन फारच कमी सुटते. मोसंबीला टूथपिकने भोके पाडून लवंगा टोचा. ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर नक्षी काय काढावी हे सांगायला नको. नागपुरी संत्र्यावर हा प्रयोग करू नका. त्याची साल सुटी असते, लवंग टोचताच फाटते आणि रस टेबलक्लॉथवर येतो.

लक्षण: हिरव्या स्पंजात लावलेली फुले एका बाजूची वाळली

फुलांच्या सामानाच्या दुकानात मिळणारा हिरवा ओॲसिस भिजवताना तो पाण्याखाली हाताने दाबणे, ही इथली नेहमीची गडबड. दाबला की बाहेरून लगेच भिजतो आणि मधली हवा आतच अडकते. बाहेरून पाणी टपकत असते, पण आतला गाभा कोरडा. ज्या फुलांचे देठ त्या गाभ्यात गेले ती वाळतात, शेजारची टवटवीत राहतात. खात्री करायची असेल तर वापरलेला स्पंज सुरीने मधोमध कापा. भिजलेला भाग गडद हिरवा आणि कोरडा गाभा फिकट दिसतो, त्यांच्यामधली रेघ अगदी स्पष्ट असते.

मोठ्या बादलीत पाणी भरून स्पंज नुसता वर सोडायचा. तो स्वतःच पाणी पीत पीत बुडतो, मिनिट-दोन मिनिटे लागतात. देठ एकदा खोचला की मागे ओढायचा नाही, कारण त्याच्या टोकाशी पोकळी राहते आणि टोक हवेत लटकते. जागा बदलायची असेल तर देठ पूर्ण काढून नव्या ठिकाणी खोचा. वापरलेला स्पंज वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा भिजवता येईल हा हिशेब सोडा, तो दुसऱ्यांदा नीट भिजत नाही.

पण खरे सांगू का, मला हा स्पंज आवडत नाही. तो प्लास्टिकच आहे, चुरा होऊन पाण्यात जातो, कुजत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या पुष्पप्रदर्शनांत त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू परसात उभी असते.

केळीचा खांब

घड उतरवल्यावर केळीचा खांब कापायचाच असतो. शहरात असाल तर सत्यनारायणाच्या चौरंगाला लावायचे खांब पूजेच्या सामानाकडे मिळतात, थोडा जाड बघून घ्या. बाहेरची वाळकी सोपटे काढा. मधला पांढरा, गच्च भाग वीतभर लांबीचा कापा आणि उभा चिरून दोन अर्ध्या पन्हळी करा. सपाट बाजू खाली, गोल बाजू वर. अर्धा तास तिरके ठेवून चीक निथळू द्या. मग स्वेटर विणायच्या सुईने भोके पाडून त्यांत देठ खोचा. गुलाब, कार्नेशन, शेवंती, कामिनीच्या डहाळ्या छान बसतात. जरबेऱ्याचा मऊ देठ मात्र खोचताना मोडतो, त्याला पेलाच बरा.

खांबात मुळातच भरपूर पाणी असते आणि खालच्या ताटलीत बोटभर पाणी ठेवले की एक दिवस, कधी दीड दिवस फुले आरामात राहतात. त्यानंतर वास येऊ लागतो, म्हणून २६ ला तो शेणखताच्या खड्ड्यात. धोका एकच आणि तो मोठा आहे, केळीचा डाग. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चीक पडला की आधी दिसत नाही, मग तपकिरी होतो आणि कशानेही जात नाही. म्हणून खांब काठ असलेल्या ट्रेमध्येच ठेवायचा आणि फुले खोचायचे काम जुन्या कपड्यांत करायचे.

खांब मिळाला नाही तर वाडग्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची उभी-आडवी जाळी करा आणि चौकटींमधून देठ सोडा. कोंबडीच्या खुराड्याची जाळी चुरगाळून भांड्यात बसवली तरी तेच काम होते. काठ पाने लावून झाका.

पाण्याशिवाय ठेवायची फुले

प्रत्येकाच्या ताटाजवळ, नॅपकिनवर एकेक फूल ठेवायची हौस असते. त्यासाठी पाण्याविना तग धरणारी फुले निवडा. शेवंती, झेंडू, ऑर्किड, जिप्सी एका जेवणापुरती सहज टिकतात. गुलाब ठेवायचा असेल तर देठाच्या टोकाला ओला कापूस आणि त्यावर फॉइलचा तुकडा घट्ट पिळा.

पण आपल्या भागाला साजेसे फूल म्हणजे जास्वंद. जास्वंद मुळात एका दिवसाचेच फूल. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते, आणि पाण्यात ठेवा वा नुसते टेबलावर ठेवा, दिवसभर तसेच राहते. २५ च्या दुपारच्या जेवणासाठी सकाळी तोडलेली लाल जास्वंद टेबलक्लॉथवर सरळ ठेवून द्या, ना भांडे, ना स्पंज. रात्रीच्या जेवणाला हवी असतील तर सकाळी नुकती उमललेली फुले डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाहुणे यायच्या वेळी काढा. मग ती रात्रीही काही तास उघडी राहतात. आधी सांगितलेली फ्रिजची बंदी जास्वंदीला लागू नाही.

निशिगंध आणि सोनचाफा टेबलावर नकोत. वसईचा सोनचाफा कितीही लाडका असला तरी जेवणाच्या वासात त्याचा घमघमाट मिसळला की दोन्हींची मजा जाते. त्यांची जागा दाराशी किंवा गव्हाणीजवळ. सोनचाफ्याला हात कमी लावा, स्पर्शाने तो तपकिरी पडतो.

पांढरी शेवंती आणल्यावर जुडी उलटी धरून दोनदा झटका, अंगणात किंवा मोरीत. पाकळ्यांत दडलेले बारीक काळे किडे तिथेच पडतात, नाहीतर जेवताना केकवर चालताना दिसतात.

पाला गळतो आणि मेणबत्त्या

सुरूच्या फांद्या नाताळला आपल्याकडे सर्रास वापरतात, पण कापल्यावर त्या एक-दोन दिवसांत वाळून गळतात. वाळलेली सुरू मेणबत्तीजवळ म्हणजे आगीला आमंत्रण. टेबलासाठी मोरपंखी घ्या, ती हळू वाळते आणि गळत नाही. तळाला अशोकाची पाने पसरली तर सगळा ट्रे झाकला जातो. मेणबत्ती काचेच्या उंच पेल्यात ठेवा. पंख्याच्या वाऱ्याने मेण एका बाजूला ओघळत नाही आणि फुलांना ज्योतीची धग लागत नाही. तरीही मेणबत्ती आणि जवळचे फूल यांत वीतभर अंतर हवे.

आगमनकाळाचे चक्र, म्हणजे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असलेले पाल्याचे कडे, नाताळाआधीचे चार रविवार टिकवायचे असते. त्यातला पाला चार आठवडे राहणारच नाही, दर रविवारी नवा लावा. ही प्रथा जर्मनीत हॅम्बुर्गला १८३९ साली योहान हिन्रिख विकर्न यांनी सुरू केली असे मानतात. त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. पाला नंतर आला.

पॉइनसेटियाची दोन दुखणी

पॉइनसेटिया म्हणजे नाताळला वरची पाने लाल होणारे झाड. त्याची कापलेली फांदी तासाभरात मलूल होते, कारण देठातून पांढरा चीक वाहतो आणि वाळून तोंड बुजवतो. कापल्याबरोबर टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर पाच-दहा सेकंद धरून भाजा, मग पाण्यात ठेवा. पाने तोडलेल्या जागीही तेच करा. चीक डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतो, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाच्या भांड्यांना हात लावू नका.

दुसरी तक्रार कुंडीवाल्यांची: झाड मोठे झाले, पण नाताळला लाल झालेच नाही. पॉइनसेटियाला ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे रोज चौदा तासांचा सलग अंधार लागतो, तेव्हा वरची पाने लाल होतात. व्हरांड्यातला दिवा किंवा दिवाळीचा आकाशकंदील रात्रभर जळत असेल तर झाडाला रात्र झालीच नाही असे वाटते. पुढच्या वर्षी कुंडी दिव्याच्या आवाक्याबाहेर ठेवा.

पाहुणे अर्ध्या तासात येणार आहेत

एवढे सगळे वाचायला आत्ता वेळ नसेल आणि समोर कोमेजलेली फुले असतील, तर मोडकी फुले उंच ठेवायचा प्रयत्न सोडा. सगळे देठ कापून फुलांची नुसती डोकी ठेवा. घंगाळ, परात किंवा काचेचा मोठा वाडगा पाण्याने भरा आणि त्यात ती तरंगत सोडा. पाण्यावर टेकलेल्या फुलाला मान सावरावी लागत नाही, जरबेरा आणि शेवंती तर तरंगताना फारच शोभून दिसतात. मधे दोन-तीन तरंगत्या मेणबत्त्या. एकदम कोमेजलेल्या गुलाबांच्या पाकळ्या वाडग्याभोवती. काठाला अशोकाची चार पाने खोचली की झाले.

जेवणानंतर फुले नवीन वर्षापर्यंत ठेवायची असतील तर २६ ला सकाळी देठ पुन्हा थोडे कापा, भांडे घासून नवे पाणी भरा आणि त्यात साखर, लिंबू आणि ब्लीच या वेळी नक्की घाला. नंतर दर दोन दिवसांनी पाणी बदला. शेवंती आणि कार्नेशन १ जानेवारी आरामात गाठतात. जरबेरा नाही गाठत, त्याच्या जागी नवा आणावा लागतो.